करार पाच तासांचा

परदेशी जाऊन मुलं सांभाळणं हा मराठी माणसाला अजिबात नवा उद्योग नाही. सांगलीत आमच्या गल्लीतली अर्धीअधिक आजी-आजोबा मंडळी वर्षाआड न्यू जर्सीला नाहीतर डॅलसला जाऊन हेच करून येतात. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं, सुनेच्या मीटिंगा सांभाळून पोळ्या लाटायच्या, दुपारी खिडकीतून शेजाऱ्याचं लॉन बघत बसायचं आणि सहा महिन्यांनी परत आल्यावर गल्लीत 'अमेरिका पाहून आलो' म्हणून सांगायचं. युरोपात याच कामाला 'ओ पेअर' म्हणतात, त्याचा रीतसर करार होतो, राहायला खोली मिळते, दर आठवड्याला हातखर्चाचे पैसे आणि एक दिवस हक्काची सुट्टी मिळते, हे मी शेजारच्या काकूंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "वयाची अट काय आहे रे?"

अट १७ ते ३० अशी आहे. काकूंना बासष्ट पूर्ण.

मी अटीत बसत होतो. मेकॅनिकलची पदवी हातात होती, नोकरी नव्हती, आणि रिकामा मुलगा निदान काहीतरी शिकताना दिसावा या घरगुती धोरणानुसार मी पुण्यात स्पॅनिशचा वर्ग लावला होता. उन्हाळाभर माद्रिदच्या एका घरी राहायचं, त्यांची दोन मुलं सांभाळायची, त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचं आणि उरलेल्या वेळात आपलं स्पॅनिश सुधारून घ्यायचं, असं ठरलं. बाबा म्हणाले, "चार वर्षं मेकॅनिकल करून शेवटी दाई?" आईचा मुद्दा तात्त्विक नव्हता. "याला स्वतःला सांभाळायला घरात दोन माणसं लागतात," ती म्हणाली. "त्या बाईला हे कुणीतरी कळवायला पाहिजे."

या सगळ्याच्या मुळाशी युरोपीय परिषदेचा एक करार आहे. २४ नोव्हेंबर १९६९ रोजी तो स्ट्रासबुर्गमध्ये झाला आणि स्पेनने तो १९८८ साली स्वीकारला. ओ पेअर हा धड विद्यार्थी नाही आणि धड कामगारही नाही, दोघांचेही थोडे थोडे गुण अंगी असलेला तो एक वेगळाच वर्ग आहे, असं त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलं आहे. विसावं शतक निम्म्याहून जास्त सरल्यावर युरोपला हा शोध लागला. पुण्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिकायला येणारा गरीब मुलगा आठवड्याचे वार लावून जेवायचा तो याच वर्गातला. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. आणि जेवण फुकट नको म्हणून कुठे विहिरीचं पाणी शेंदून दे, कुठे पूजेची फुलं आण, कुठे धाकट्याकडून पाढे म्हणून घे. तो पाहुणा नसे, गडी नसे आणि घरचाही नसे. पण त्याला ताट मात्र वाढलेलं असे. माझी परिस्थिती जरा बरी होती. मला सातही वार एकाच घरी मिळाले होते आणि वर आठवड्याला सत्तर युरो.

करारातली कलमं माणुसकीची आहेत. घरच्या कामात हातभार लावायचा, पण तो दिवसाला साधारणपणे पाच तासांहून अधिक नको. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, आणि महिन्यातून निदान एकदा ती रविवारी यावी. भाषेच्या वर्गाला जायला वेळ मिळावा. आपापला धर्म पाळायची मोकळीक असावी. येणाऱ्याने तब्येतीचा दाखला आणावा. सगळ्याचा विचार केलेला आहे. आजीचा तेवढा केलेला नाही.

आजीचा उल्लेख जाहिरातीतही नव्हता. तिथे होते ते असे: आई वकील, बाबा एका विमा कंपनीत, नऊ वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, सोसायटीचा पोहण्याचा तलाव. व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली तेव्हा मागे एक बाई पंख्याने वारा घेत सारखी इकडून तिकडे जात होती. मला वाटलं शेजारीण असेल. मुलाखतीचा सगळा रोख माझ्या इंग्रजीवर होता. उच्चार ब्रिटिश आहेत की अमेरिकन, असं आईने विचारलं. मी खरं ते सांगितलं, की उच्चार सांगलीचे आहेत. तिने ते बहुधा इंग्लंडमधलं एखादं गाव समजून मान डोलावली. मला ओ पेअर म्हणून घेण्यामागे एवढं एकच कारण असावं असा माझा अजूनही समज आहे.

स्पेनमध्ये इंग्रजीचा हा ध्यास सगळ्या मध्यमवर्गीय घरांत दिसतो आणि त्याला इतिहास आहे. १९४१ साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने परदेशी सिनेमे स्पॅनिशमध्ये डब करूनच दाखवायचे असा हुकूम काढला. हुकूम केव्हाच गेला, सवय राहिली. पिढ्यान् पिढ्या जगातल्या सगळ्या नायकांना माद्रिदच्या आवाजात बोलताना ऐकल्यामुळे इंग्रजी कानावर पडायचं राहूनच गेलं. त्याची भरपाई आता मुलांच्या उन्हाळी सुट्ट्यांतून करून घेतात. स्पेनमधली शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुटते ती सप्टेंबरात भरते. एवढ्या लांबलचक सुट्टीत पोरांचं काय करायचं हा प्रश्न आणि त्यांचं इंग्रजी कसं सुधारायचं हा प्रश्न, हे दोन्ही एका परदेशी तरुणाच्या डोक्यावर ठेवून आई-बाप कामावर जातात. पोरांनी मला पहिल्या दिवशी आपलं इंग्रजी दाखवलं. मुलगी अंगात निळा-लाल सदरा घालून आली आणि म्हणाली, "एस्पीदेरमान!" 'स्कूल'चं 'इस्कूल' करणाऱ्या गावांत मी वाढलेलो. आमचं लगेच जमलं.

ओळख करून देताना मी माझं पूर्ण नाव सांगितलं. माझं, वडिलांचं, मग आडनाव. नऊ वर्षांच्या मुलाला ते पटेना. तिथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक बापाकडून आणि एक आईकडून. बाई लग्न झालं म्हणून आपलं नाव बदलत नाही. "तुझ्या आईचं आडनाव कुठे आहे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, आईचं आणि बाबांचं एकच आहे. यावर त्याची आई सौजन्याने म्हणाली, "अच्छा, म्हणजे ते नात्यातले." भावंडांत लग्न झालेलं असावं याबद्दल तिच्या चेहऱ्यावर इतकी सभ्य सहानुभूती होती, की मला घाईघाईने सगळी पद्धत समजावून सांगावी लागली. मुलाने ती लक्ष देऊन ऐकली आणि शेवटी विचारलं, "पण तिने असं काय केलं होतं, की तिचं नाव काढून टाकलं?" हा प्रश्न मी आईला फोनवर कळवला. आई म्हणाली, पोरगा हुशार आहे, त्याला नीट सांभाळ.

आणि मग आजी. आजी म्हणजे मुलांच्या बाबांची आई, वय पंच्याहत्तरच्या पुढे, त्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी. म्हणजे कागदोपत्री वेगळी आणि सकाळी नऊपासून रात्री साडेअकरापर्यंत चौथ्या मजल्यावर. मी तिला आदरार्थी 'उस्तेद' म्हणून हाक मारली, तर ती दुखावली. स्पेनमध्ये लहानथोर सगळेच एकमेकांना अरेतुरे करतात. आदर दाखवला की समोरच्याला वाटतं याने आपलं वय काढलं. यात मला अडचण वाटायचं काही कारण नव्हतं. सख्ख्या आजीला आपल्याकडे तरी 'अहो' कोण म्हणतं? मी तिला अगंतुगं करू लागलो आणि त्या क्षणापासून माझी नोकरी गेली. मी नातू झालो. नातवाला पाच तासांचं कलम लागू नसतं. तसं पाहिलं तर ते आजीलाही लागू नव्हतं. मी मुलांना सांभाळायचं, आजीने मुलांना आणि मला सांभाळायचं, आणि आपण कामावर असताना घर कोण सांभाळतंय याचा विचार मुलांच्या आईने करायचा नाही, अशी व्यवस्था आठवडाभरात बसली.

आजीचं सगळ्यात मोठं संकट म्हणजे माझं जेवण. आमच्या घराची मजल अंड्यापर्यंत आहे, त्यापुढे नाही. हे मी आधीच कळवलं होतं आणि घरच्यांनी ते आनंदाने मान्यही केलं होतं. पहिल्या दुपारी फरसबीची भाजी आली. आत गुलाबी रंगाचे चौकोनी तुकडे होते. "हे मांस आहे," मी म्हणालो. "मांस कुठलं?" आजी म्हणाली. "हामोन आहे." वाळवलेलं, मीठ लावून टांगलेलं डुकराचं तंगडं स्पेनमध्ये मांसात धरत नाहीत, ते चवीसाठी असतं. भाजी नको म्हटल्यावर कोशिंबीर आली, तीत ट्यूना मासा होता. मासाही मांसात येत नाही. शेवटी आजीने हात टेकले आणि बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट केलं, ज्याला ते तोर्तिया म्हणतात. त्या दिवसापासून माझी गाडी तोर्तियावर आणि फ्रिजमधल्या थंडगार टोमॅटोच्या गाझपाचोवर सुरळीत चालली. तोर्तियात कांदा घालावा की नाही यावरून त्या घरात दोन तट होते, तसे ते साऱ्या देशात आहेत. बाबा कांद्याचे, आई बिनकांद्याची. मी कुठल्या बाजूचा हे मला जेवताना विचारण्यात आलं, आणि मी सांगतो, व्हिसाच्या मुलाखतीत मी इतका घाबरलो नव्हतो.

जुलैच्या अखेरीस श्रावण लागला आणि आईचा फोन आला. सोमवार धरतोयस ना? धर्म पाळायची मोकळीक करारात होतीच. पण श्रावणी सोमवार दिवेलागणीला सोडायचा, आणि माद्रिदला जुलैच्या अखेरीस दिवेलागण होते रात्री साडेनऊला. याचंही मूळ फ्रँकोच. माद्रिद ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे, म्हणजे त्यांचं घड्याळ खरं तर लंडनबरोबर चालायला हवं. १९४० साली त्याने ते तासभर पुढे, जर्मनीच्या घड्याळाबरोबर नेलं आणि नंतर कुणी मागे आणलंच नाही. त्यात उन्हाळ्याचा म्हणून आणखी एक तास वाढतो. परिणाम असा, की भर उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो दुपारी सव्वादोनच्या पुढे. स्पॅनिश लोक अडीच-तीनला जेवतात आणि रात्री दहाला जेवतात याची जगभर थट्टा होते. त्यांचं काही चुकत नाही. हुकूमशहाने घड्याळं हलवली, पोटं जागच्या जागी राहिली.

तर उपवास. उपवासाला काय चालतं, हे आजीने विचारलं. मी म्हटलं बटाटा चालतो. तिचा चेहरा उजळला. अंडं चालत नाही म्हटल्यावर तो पुन्हा पडला, कारण तोर्तियाचा अर्धाच भाग धर्मसंमत निघाला. मग मला माहिती द्यायची हुक्की आली. मी तिला सांगितलं, की आमच्या उपवासाच्या ताटात जे जे पवित्र आहे त्यातलं बहुतेक तुमच्यामुळे आलेलं आहे. बटाटा, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद, हे सगळं अमेरिका खंडातलं. कोलंबसानंतर स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांतून जगभर फिरलं, तेव्हा कुठे आमच्या एकादशीला पोचलं. आजीने हे शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तुमच्या देवाला स्पॅनिश जहाजातलं चालतं," ती म्हणाली. "मग हामोननेच काय घोडं मारलंय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते कोणत्याही धर्मशास्त्र्याकडे नसेल.

आजीचं स्वतःचं शास्त्र मात्र पक्कं होतं, आणि त्यातला पहिला नियम असा की जेवल्यावर दोन तास पाण्यात उतरायचं नाही. उतरलं की पचन 'तुटतं' आणि माणूस मरतो. स्पेनमधल्या प्रत्येक मुलाने आपल्या बालपणाचा काही भाग तलावाच्या काठावर, ओल्या चड्डीत, घड्याळाकडे बघत काढलेला आहे. आता डॉक्टर म्हणतात, की यात जेवणाचा दोष फारसा नसतो, तापलेलं अंग एकदम थंड पाण्यात गेल्याचा तो धक्का असतो. पण ही बातमी आजीपर्यंत पोचलेली नव्हती, आणि पोचवायची कुणाची छाती नव्हती. मी कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेला माणूस. पाठीला डबा बांधून काकांनी ढकलून दिलं होतं, पोटात दोन भाकरी होत्या की नव्हत्या हे कुणी विचारलं नव्हतं. मी हे सांगितलं, तेव्हा आजीने छातीवर क्रूस काढला आणि मलाही मुलांच्या शेजारी बसवलं. फळ खाल्लं तर किती वेळ, आइस्क्रीमला किती, नुसतं पाणी प्यायलं तर किती, याचे तिचे दर ठरलेले होते. नऊ वर्षांचा मुलगा त्यावर वकिलाच्या पोराला शोभेलशी घासाघीस करी. एकदा त्याने अर्ध्या टरबुजाच्या फोडीवर वीस मिनिटं सुटवून घेतली.

हे दोन तास जातात कसे, याचं उत्तर म्हणजे दुपारची झोप. शहरातला नोकरदार स्पॅनिश माणूस दुपारी झोपत नाही, त्याला वेळच नसतो. ही चैन उन्हाळ्याची, गावाची आणि आज्यांची. माद्रिदला जुलैत पारा चाळिशीला टेकतो. प्रत्येक खिडकीला बाहेरून गुंडाळीची पट्ट्यापट्ट्यांची झडप असते. ती धाडकन खाली ओढली की दुपारी चार वाजता घरात मध्यरात्र होते. मग टीव्ही लावायचा. जुलैत फ्रान्सची सायकल शर्यत असते, टूर द फ्रान्स. अख्खा देश ती बघतो असं आकडे सांगत असतील, पण मी प्रत्यक्षदर्शी आहे: ती झोपायला लावतात. डोंगर, ऊन, एका सुरात बोलणारा निवेदक, फिरणारी चाकं. आजी पाचव्या मिनिटाला गेलेली असे. शर्यत नसेल तेव्हा सरकारी वाहिनीवरचे प्राण्यांचे माहितीपट. आवाज बंद करायला जा, लगेच डोळे मिटूनच म्हणे, "राहू दे, मी बघतेय."

माझी खरी परीक्षा वेणीची होती. सहा वर्षांच्या मुलीचे केस कमरेपर्यंत आणि तलावातून वर आल्यावर त्यांचा व्हायचा गुंता. मला बेअरिंग बसवता येतं, गिअरबॉक्स खोलता येतो. तीन पेडांचा हा प्रश्न यांत्रिकीत मोडतो, तेव्हा तो सुटेल, असा माझा समज होता. आजीने दोन दिवस दाखवलं. तिसऱ्या दिवशी मी घातलेली वेणी बघून मुलगी आरशासमोर गेली, परत आली आणि अतिशय समजूतदारपणे म्हणाली, "टोपी घालूया का?" पुढे सराव झाला. जुलै संपेपर्यंत सोसायटीतल्या आणखी दोन मुली तलावाच्या काठी माझ्याकडे रांग लावू लागल्या. माझ्या बाबांना मी हे कळवलेलं नाही.

त्याच मुलीचा त्या उन्हाळ्यात दात पडला. तिथे पडलेला दात उशीखाली ठेवतात आणि रात्री पेरेझ नावाचा उंदीर येऊन तो घेऊन जातो, बदल्यात नाणं ठेवतो. या उंदराला वंशावळ आहे. १८९४च्या सुमाराला आठ वर्षांच्या राजा तेराव्या आल्फोन्सोचा दात पडला, तेव्हा लुईस कोलोमा या जेझुइट पाद्र्याने त्याच्यासाठी ही गोष्ट लिहिली. गोष्टीतला उंदीर माद्रिदच्या आरेनाल रस्त्यावर बिस्किटांच्या डब्यात राहतो. त्या रस्त्यावर ८ नंबरच्या घरावर त्याच्या नावाची पाटी आहे, आणि मी ती मुलीला दाखवून आणली. मग तिने विचारलं, तुमच्याकडे कोण येतं? मी म्हटलं, आमच्याकडेही उंदीरच. पण आम्ही दात त्याच्या बिळात नाहीतर कौलावर टाकतो. "आणि तो काय देतो?" "नवा दात देतो, उंदरासारखा बारीक आणि पक्का." "पैसे?" "पैसे नाही." तिने बराच विचार केला. "दात तर आपोआपच येतो," ती म्हणाली. "तुमचा उंदीर लबाड आहे."

सुट्टीच्या दिवशी मी रेतिरो बागेत जायचो. तिथे तळ्याकाठी इतर घरांतल्या ओ पेअर मुली भेटायच्या. आयरिश, इटालियन, एक मेक्सिकोची. मुलगा मी एकटाच. आम्ही एकमेकांच्या घरांची निंदा करायचो, म्हणजे ज्यांना शक्य होतं ते करायचे. एकीला सकाळपासून रात्रीपर्यंत इस्त्री होती. दुसरीला खोली म्हणून दिलेली जागा म्हणजे कपडे वाळत घालायची गॅलरी. तक्रार केली की घरची बाई प्रेमाने म्हणे, "तू तर आमच्या घरचीच आहेस." हे वाक्य मी ओळखून आहे. आपल्याकडे ते सुनेला सांगतात, शिकवतो म्हणून गावाकडून आणलेल्या भाचीला सांगतात, आणि ज्याला सांगितलं जातं त्याच्या हातात पाठोपाठ झाडू येतो. घरचं माणूस ठरवलं की कामाचे तास मोजायची सोय उरत नाही; म्हणून करारात पाच तास लिहून ठेवावे लागले. मला आजी लाभली हा नशिबाचा भाग होता. त्या मुलींना कलमच लाभायला हवं होतं, आणि कलमाला चौथ्या मजल्यावर येऊन कुणाची इस्त्री बंद करता येत नाही.

एक ऑगस्टला माद्रिद रिकामं होतं. दुकानांवर 'सप्टेंबरात भेटू' अशा पाट्या लागतात, आणि वाहतूक खातं त्या दिवसासाठी युद्धपातळीवर तयारी करतं, कारण लाखो गाड्या एकाच वेळी समुद्राकडे निघतात. आम्हीही निघालो, चारशे किलोमीटरवरच्या गांदियाला, भूमध्य समुद्राच्या काठी. गाडीत पाच माणसं बसतात आणि आम्ही सहा होतो, म्हणून बाबा आदल्या दिवशी ट्रेनने गेले. आजीचं जाणं गृहीत होतं, आणि तिच्या मांडीवरच्या डब्यांचंही. गांदियाच्या किनाऱ्यावर पहिल्या रांगेत छत्री रोवायची असेल तर उजाडायच्या आत जावं लागतं. सहा वाजता म्हातारे लोक येतात, छत्री रोवतात, दोन खुर्च्या मांडतात आणि घरी जाऊन नाश्ता करून दहाला परत येतात. काही गावांत नगरपालिका अशा बेवारस छत्र्या उचलून नेते आणि दंडही लावते, पण कुणी बधत नाही. आजीच्या गुडघ्यांना वाळू झेपेना, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. आणि मी सांगतो, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून तीन सीट धरणाऱ्या मुलखात ज्याने कॉलेज केलंय, त्याच्यापुढे हे स्पॅनिश म्हातारे म्हणजे नवशिके. आमची छत्री महिनाभर पहिल्या रांगेत होती. शेजारच्या छत्रीतल्या आजोबांनी शेवटी येऊन माझा हात हातात घेऊन दाबला.

किनाऱ्यावर आणखी एक गंमत. आई रोज फोनवर बजावत होती, उन्हात फिरू नको, काळा होशील. इथे माणसं तासन् तास तेल लावून उताणी पडलेली, काळं होण्यासाठी. बायका माझ्याजवळ येऊन आपला हात माझ्या हाताला लावून रंग ताडून बघायच्या आणि सुस्कारा टाकायच्या. एकीने विचारलं, इतका छान रंग यायला किती दिवस पडून राहावं लागलं? मी म्हटलं, पिढ्या. स्थळांच्या याद्यांत 'सावळा' लिहिताना ज्यांची लेखणी अडते, त्या सगळ्यांना महिनाभर गांदियाला पाठवावं, सरकारी खर्चाने.

रात्री जेवण झाल्यावर, म्हणजे अकराच्या पुढे, सगळं गाव समुद्राकाठच्या रस्त्यावर फिरायला येतं. आज्या, बाबागाड्या, सहा महिन्यांची टक्क जागी बाळं. पोरांना बारा वाजता ओर्चाता पाजायची. हे चुफा नावाच्या बारीक कंदाचं गोड, पांढरं, थंड पेय, आणि शाकाहारी माणसाला व्हॅलेन्सियाच्या मुलखात डोळे मिटून मागवता येणारी एकमेव गोष्ट. मुलं लवकर झोपली पाहिजेत वगैरे मी सुरुवातीला म्हणत असे. आजीने विचारलं, "दिवसा इथे चाळीस डिग्री असतं. पोरांनी बाहेर यायचं कधी?" त्यानंतर मी बोललो नाही.

आता मुख्य मुद्दा, इंग्रजी. घरात माझं स्पॅनिश इतकं सुधारलं की मुलांना इंग्रजीची गरजच उरली नाही. मुलाने एक वाक्य पक्कं केलं, 'हाऊ मच टाइम इज लेफ्ट', आणि ते फक्त तलावाच्या काठावर वापरलं. मुलीने माझ्याकडून एकच शब्द उचलला, पण तो अस्खलित. ऑगस्टच्या अखेरीस तिचं आइस्क्रीम वाळूत पडलं आणि ती सांगलीच्या उच्चारात म्हणाली, "आयला!" तिच्या आईने कौतुकाने विचारलं, हा ब्रिटिश शब्द का? मी म्हटलं, आश्चर्य दाखवायला वापरतात. हे खोटं नाही.

निघायच्या आधी माझ्या आईचा आणि आजीचा व्हिडिओ कॉल झाला. एक मराठीत बोलत होती, दुसरी स्पॅनिशमध्ये. मी दुभाषा म्हणून मधे बसलो होतो, पण मला कुणी तोंड उघडू देईना. अर्ध्या तासाने दोघींचं एकमत झालं, की हा काही खात नाही.

पुढच्या उन्हाळ्यासाठी त्या घराने कॉर्कची आयरिश मुलगी ठरवली, आणि इंग्रजीच्या दृष्टीने ते योग्यच झालं. तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर करार नीट वाचून जा, पाच तासांच्या कलमाखाली पेन्सिलीने रेघ मारा, वेणी घालायला शिकून घ्या. आणि घरात आजी आहे का, ते आधी विचारा. जाहिरातीत लिहीत नाहीत.